चावरी भेंडी

अक्षता : म्हणजे काकीने कुंपणावरचा सगळा केवडा तोडला, आणि तू नुसता बघत उभा राहिलास?

सहदेव : नुसता कशाला? कोयत्याला धार मीच लावून दिली.

अक्षता : काका!

सहदेव : हळू बोल गो बाय. ती आत घावणे घालतेय तुझ्यासाठी. वाडी एवढीशी, इथलं बोललेलं थेट चुलीपर्यंत जातं. ये, तिकडे भेंडीत जाऊ. पाय जपून टाक, पाइप आडवा आहे.

अक्षता : अरे, पण का तोडू दिलास? केवड्याचं झाड वेगळं आणि भेंडीवर पडतो तो केवडा वेगळा. शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान केवड्याच्या पातीसारखं पिवळट होतं, म्हणून रोगाला लोक केवडा म्हणतात. नाव सारखं आहे, बस्स. काही गावांत याच रोगाला हळद्या म्हणतात. मग काय, डब्यातली हळद फेकून देणार?

सहदेव : हे मला कळतं. तिलाही कळत असेल. पण ती प्रेमा आहे ना, फेरीच्या धक्क्यावर भाजी घेऊन बसते ती. ती येऊन सरळ म्हणाली, ‘वहिनी, तुमच्या भेंडीवर केवडा पडलाय, आणि पडणार नाही तर काय? कुंपणालाच तर पोसलाय तुम्ही.’ झालं. दोन दिवस बाई जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘धार लावून द्या.’

अक्षता : किती जुना होता तो?

सहदेव : जया सातवीत होती, तेव्हा तिनेच खाडीकडून कोंब आणून लावला होता. गणपतीत अख्ख्या आळीला इथूनच पाती जायच्या. एकटीने तोडला. काटे लागून दंड फाटले, तरी मला हात लावू दिला नाही. म्हणाली, ‘माझ्या आईची भेंडी माझ्या हौसेने मेली.’

अक्षता : आणि तू काही बोलला नाहीस.

सहदेव : काय बोलू? तिला काहीतरी कारण हवं होतं, आणि माझ्याकडे दुसरं द्यायला नव्हतं. म्हटलं, तू येशील तेव्हा सांगशील. पंधरा दिवस झाले तू पानं तुझ्या लॅबमध्ये घेऊन गेलीस त्याला. फोन केला की म्हणतेस, ‘येऊन सांगते.’ येऊन सांगते म्हणजे काहीतरी वाईटच असतं. डॉक्टर लोक पण असंच करतात.

अक्षता : बस ना जरा.

सहदेव : बघ! बसायला पण सांगतेस.

अक्षता : ही वही ओळखलीस? मी बारावीला असताना केली होती. झाडांची पानं वाळवून चिकटवायची होती. दिवाळीच्या सुट्टीत इथे आले होते, तेव्हा काकीच्या आईने, आजीने, स्वतःच्या हाताने मला हे भेंडीचं पान तोडून दिलं. वर लिहिलंय बघ माझ्या अक्षरात : ‘चावरी भेंडी, गोराई.’

सहदेव : सगळ्या गावात तेच नाव होतं. तोडायला गेलं की हाताला चावायची. खाज, आग. पण चव! सुकट घालून केली की माणूस बोटं चाटत बसायचा.

अक्षता : आता हे भिंग धर. आधी वहीतलं पान बघ. मग हे, तुझ्या वाफ्यातलं.

सहदेव : हे... हे तर उंदराच्या पाठीसारखं आहे. केसच केस.

अक्षता : आणि दुसरं?

सहदेव : दुसऱ्यावर काही नाही.

अक्षता : मी मोजले. जुन्या पानावर नखाएवढ्या जागेत दोनशेच्या वर केस निघाले. आत्ताच्या पानावर तेवढ्याच जागेत एकोणीस. मला वाटलं चुकले, म्हणून परत मोजले. मग चाळीस पानं मोजली. तुझ्या भेंडीला टक्कल पडलंय काका.

सहदेव : मग? त्याचा रोगाशी काय संबंध?

अक्षता : सांगते. हे पान उलटं कर. हलव. उडाल्या बघ, दिसल्या? पांढरी माशी. कणीपेक्षा बारीक. रोग हीच आणते. आजारी झाडाचा रस पिते, त्याबरोबर विषाणू पोटात घेते आणि दुसऱ्या झाडावर जाऊन सोंड खुपसते. बियाण्यातून नाही येत तो, वाऱ्यातून नाही येत, आणि केवड्याच्या झाडातून तर मुळीच नाही.

सहदेव : पण या माशा काय आज आल्यात? आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून बघतोय.

अक्षता : तेच तर! माशा होत्या, रोगही होता. आजूबाजूच्या वाड्यांतली दुकानाच्या बियाण्याची भेंडी दर दोन वर्षांनी पिवळी पडायची, आजीची पडायची नाही. का? कारण या माशीला नुसतं बसून उठून चालत नाही. निवांत बसावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं तरी. सोंड पार शिरेपर्यंत न्यावी लागते, तेव्हा कुठे रोग आत जातो. आणि आजीच्या भेंडीवर तिला बूड टेकायला जागाच नव्हती. दाट, ताठ केस. वर तरंगत बसायची, सोंड पोचायची नाही, कंटाळून उडून जायची. हाताला चावायचे ना, तेच केस.

सहदेव : तेच?

अक्षता : तेच.

सहदेव : नक्की ना? म्हणजे, तू बघितलंयस असं होताना?

अक्षता : या भेंडीवर नाही बघितलं. बघायला केसाळ झाड कुठे राहिलंय? वहीतल्या वाळक्या पानावर माशी थोडीच बसवता येते. आणि सगळ्याच पिकांत असं नसतं हेही खरं. कापसात केसाळ पानावर ही माशी उलट जास्त येते. केस किती लांब, किती दाट, यावर असतं. पण दुसऱ्या केसाळ भेंड्यांवर मी स्वतः बघितलंय. त्यामुळे तू विचारशील तर मला शंका नाही.

सहदेव : म्हणजे थोडी तरी आहे.

अक्षता : काका, मला आता वेगळंच विचारायचंय. एवढे केस आपोआप जात नाहीत, तेही दहा वर्षांत. कुणीतरी दरवर्षी निवडून घालवले असतील तरच जातात. बियाण्याला झाडं कोण सोडायचं?

सहदेव : हे घे तुझं भिंग.

अक्षता : काकी?

सहदेव : नाही. तिला यातलं काही माहीत नाही.

अक्षता : मग?

सहदेव : विक्रोळीला कारखान्यात मी बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. तुझ्या बापाला विचार, हसायचा मला. काम काय, तर पार्टवर अंगठा फिरवायचा. गुळगुळीत तो पास, खरखरीत तो रिजेक्ट. डोळे मिटून सांगायचो. नोकरी सोडली, इथे आलो. सासूबाईंना मोतीबिंदू, दिसत नव्हतं. म्हणाल्या, ‘जावई, बियाण्याची झाडं आता तुम्ही बघा. चांगली भरदार बघून लाल चिंधी बांधा, म्हणजे त्यांची भेंडी कुणी तोडणार नाही.’ मला काय कळतंय भरदार? मला एकच काम येत होतं.

अक्षता : अंगठा फिरवलास.

सहदेव : तिचे हात बघितले असतेस तर तूही फिरवला असतास. कोपरापर्यंत लालबुंद. फोड यायचे, पाणी सुटायचं. परातीत पीठ मळायला घेतलं की डोळ्यांतून टिपं. मी कारखान्यातले हातमोजे आणून दिले, तर म्हणाली, ‘आईने कधी घातले नाहीत.’ आणि ती म्हातारी! देव तिला सुखी ठेवो, पण जीभ कात्रीसारखी. जयाने माझ्याशी लग्न केलं, विक्रोळीच्या चाळीत गेली, ते तिने कधी विसरलं नाही. रोज ओसरीवरून ऐकवायची : ‘चावणारच. घरच्या माणसाला ओळखते ती भेंडी. तू सव्वीस वर्षं तिकडे नांदलीस, तुला कशी ओळखेल?’ बायको मुकाट्याने ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या हातांनी तोडायला. मी काय करू? जे झाड हाताला मऊ लागलं, त्याला चिंधी बांधली. पुढच्या वर्षी त्यातलं आणखी मऊ. कुणाला बोललो नाही. वाटायचं, माझ्या बायकोसाठी एवढं तरी करतोय.

अक्षता : आणि खाज कमी होत गेली.

सहदेव : चौथ्या वर्षी पार गेली. त्याच वर्षी पहिल्यांदा दोन झाडं पिवळी पडली होती. मी उपटून खाडीत टाकली, तिला दाखवली पण नाहीत. मग सात. मग एका वर्षी एक अख्खी ओळ. आणि आता हे. एकशे चाळीस झाडं, एक हिरवं नाही. अरे देवा! मीच केलं गो हे. या अंगठ्याने केलं.

अक्षता : तुला माहीत नव्हतं ना पण.

सहदेव : आता झालं ना माहीत. जुनं बी? सासूबाईंच्या हातचं, राखेत ठेवलेलं, ते मी तुला डब्यासकट दिलं होतं.

अक्षता : तीस दाणे होते. ओल्या कागदात घातले, ऊब दिली, रोज बघत होते. एकही नाही फुटला. फार जुने झाले होते.

सहदेव : गावात दुसरं कुणी?

अक्षता : मी मागच्या वेळी घरोघर फिरले. सगळ्यांनी कधीच दुकानाचं बी धरलंय. म्हणाले, ‘ती चावरी कोण लावणार?’ या वाफ्यात एखाद्या झाडावर तरी केस असतील म्हणून पण शोधलं. नाहीत. काका, ती भेंडी संपली. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

सहदेव : तिला सांगू नकोस.

अक्षता : काय?

सहदेव : सांग की रोग आला. माशी आली, हवा बदलली, काहीही सांग. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल ती. आईची एवढी एकच गोष्ट होती तिच्याकडे. ती मी घालवली, तीही तिच्याच हातांसाठी. हे कळलं तर ती मला काही बोलणार नाही, स्वतःलाच खात बसेल.

अक्षता : आणि आत्ता काय करतेय? केवडा तोडून बसलीय ती! रोज त्या खुंटांकडे बघत असेल. न केलेल्या गोष्टीचं ओझं वाहतेय बिचारी, आणि तू म्हणतोस वाहू दे?

सहदेव : केवडा फुटेल पुन्हा.

अक्षता : काका, हे शोभत नाही तुला.

सहदेव : माहीत आहे गो. माहीत आहे. पण बघ तिच्याकडे, येतेय.

(जया पदराला हात पुसत येते. दंडावर केवड्याच्या काट्यांचे वाळलेले ओरखडे आहेत.)

जया : घावणे थंड होऊन चामडं झाले. काय कुजबुजताय दोघं भेंडीत बसून? अक्षता, तू इथे आलीस की या माणसाला माझी आठवण राहत नाही. काय गं? तोंड का उतरलंय?

अक्षता : काही नाही काकी, ऊन लागलं.

जया : ऊन तर अजून चढायचंय. कळलं का काही? मोकळेपणी सांग, मी काय रडणार नाही. केवड्यानेच झालं ना?

अक्षता : नाही काकी. केवड्याचा काडीइतकाही संबंध नाही. नुसतं नाव सारखं आहे.

जया : नाही?

अक्षता : नाही.

जया : मग मी तोडला तो...

अक्षता : उगाच तोडलास.

जया : अगं बाई. अहो, ऐकलंत? उगाच तोडला. चाळीसच्या वर वर्षं झाली असतील त्याला. तुम्ही धार लावून दिलीत आणि मी उगाच तोडला. मग कशाने झालं?

सहदेव : माशीने. ती पांढरी...

जया : माशी काय कालची आहे? माझी आई माशांतच भेंडी पिकवत होती. अक्षता, तू बोल. हे नजर चुकवतायत, म्हणजे यांना ठाऊक आहे.

अक्षता : काका, मी सांगू की तू?

सहदेव : जया, बस जरा.

जया : उभी आहे ती बरी आहे. बोला.

सहदेव : तुझ्या आईच्या भेंडीवर केस होते, ते माशीला बसू देत नव्हते. ते केस मी घालवले. चिंधी बांधताना पानावर अंगठा फिरवायचो आणि मऊ लागेल त्याचंच बी धरायचो. दहा वर्षं. तुझे हात सोलवटायचे, मला बघवत नव्हतं. मला नव्हतं गो माहीत, की त्या केसांवरच ती जगलीय. जुनं बीसुद्धा मेलं. आता कुठेच नाही.

जया : तुम्ही मऊ केलीत?

सहदेव : हो.

जया : म्हणजे माझे हात बरे झाले, ते...

सहदेव : हात तसेच आहेत. भेंडी बदलली.

(जया जवळचं एक पान ओढून त्यावर अंगठा फिरवते.)

सहदेव : जया, शिव्या घाल. काहीतरी बोल.

जया : शिव्या कसल्या घालू? नवऱ्याने माझे हात वाचवले म्हणून? अक्षता, तू नव्हतीस तेव्हा. आई जायच्या आधी चार दिवस काही खात नव्हती. मी तिच्या उशाशी बसले, हात तिच्या हातात दिले. म्हटलं, ‘आई, चाचपून बघ. सकाळी दोन टोपल्या तोडल्या, एक पुरळ नाही. तुझी भेंडी मला चावायची थांबली.’ तिने असे कोपरापर्यंत चाचपले. दोनदा. मग म्हणाली, ‘म्हणजे ओळखलं तुला. आलीस घरी.’

सहदेव : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

जया : तुम्हाला काय सांगायचं? ते आमचं होतं. लग्न केलं तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. तेवढं एक बोलली आणि गेली. मी त्यावर जगतेय हो. लोक विचारायचे, ‘म्हातारीने केलं का माफ?’ मी म्हणायचे, ‘तिने केलं, तिच्या भेंडीनेसुद्धा केलं.’

अक्षता : काकी, तिने केलंच होतं माफ. भेंडी नुसतं निमित्त.

जया : तू आजीला ओळखत नव्हतीस. ती निमित्ताशिवाय पाणी प्यायची नाही. भेंडी चावत राहिली असती तर तशीच गेली असती, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे मी तिला खोटं सांगितलं.

सहदेव : तू नाही. मी.

जया : तोंडाने मी बोलले ना. आणि तिने विश्वास ठेवला. जाऊ दे. आता ती काय विचारायला येतेय. अक्षता, हे सगळं असंच उभं ठेवायचं का?

अक्षता : नाही. उपटायला हवं, आजच. पलीकडे कृणालच्या वाडीत भेंडी नुकतीच चार पानांवर आलीय. इथल्या माशा तिकडे जायच्या आत काढून, पिशव्यांत घट्ट बांधून ठेवायची.

सहदेव : तू घरात जा, जया. मी आणि अक्षता काढतो.

जया : माझ्या आईची आहे. मी काढणार. तुम्ही त्या बाजूने घ्या, मी इथून येते. आणि त्या चिंध्या आधी सोडा. बघवत नाहीत मला.

अक्षता : थांब काकी, लॅबमधले हातमोजे आणलेत मी. हे घे, घाल.

जया : राहू दे गं. चावायला हिच्या अंगावर आता आहे काय?